‘मूळव्याध असेल’

माझ्या मावसभावाला अकरा महिने संडासच्या वेळी रक्त पडत होतं. वय ३९, माध्यमिक शाळेत गणिताचा मास्तर. दारू नाही, तंबाखू नाही. घरात बायकोला सांगायलाच त्याला तीन महिने लागले. मग एका डॉक्टरांनी ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम दिलं. दुसऱ्यांनी चूर्ण दिलं. तिसऱ्यांनी तिखट बंद करायला सांगितलं. या तिघांपैकी एकानेही त्याला कॉटवर आडवं करून, हातमोजा घालून, बोटाने तपासलं नाही. आणि मी त्याची ताई, सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेली बाई, मीसुद्धा फोनवर म्हणाले होते, “अरे मूळव्याध असेल, इसबगोल घे.”

गाठ गुदाशयात होती. बोट पोचेल एवढ्या अंतरावर.

ऑपरेशन होऊन आता दीड वर्ष झालं. पोटावरची पिशवीही निघाली. तो बरा आहे, शाळेत जातो. त्याच्या परवानगीने लिहितेय, फक्त नाव नको म्हणाला.

मागच्या महिन्यात त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला. ‘पोटातल्या जंतूंमुळे आतड्याचा कॅन्सर होतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ आणि खाली कुठल्याशा पोट साफ करणाऱ्या पावडरीची जाहिरात. सोबत त्याचा प्रश्न: “ताई, खरंय का हे? मी लहानपणी असं काय खाल्लं? आणि माझ्या पोरींना होईल का?”

दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. लांब आहे, पण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

आधी माझ्या धंद्याबद्दल. लॅबमध्ये लोक स्टूलची डबी आणतात ती वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत, वर काळी पिशवी, आणि काउंटरवर ठेवताना नजर दुसरीकडे. या लाजेला मी सत्तावीस वर्षं पाहिलंय. आत आम्ही ते नमुने मॅकॉन्की आगरच्या प्लेटवर लावायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी ठिपके उगवलेले असायचे. ई. कोलाय. रोज, प्रत्येकाच्या प्लेटवर. आम्ही त्याकडे बघायचोही नाही. जुलाबाचा एखादा नेहमीचा रोगजंतू दिसतोय का तेवढं पाहायचं, नाहीतर ‘नॉर्मल फ्लोरा’ लिहून मोकळं व्हायचं. त्या गुलाबी ठिपक्यांमध्ये काय दडलंय हे कळायला जगाला सव्वाशे वर्षं लागली.

हा जंतू पहिल्यांदा वेगळा काढला थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने, म्युनिकमध्ये, १८८५ साली. तो तान्ह्या बाळांच्या शी-चा अभ्यास करत होता. त्याला दिसलं की जन्मानंतरच्या पहिल्या शी-मध्ये जंतू जवळपास नसतात, आणि काही तासांतच ते येऊन वस्तीला बसतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ती परत येणार आहे: आतड्यातली वस्ती अगदी पाळण्यापासून सुरू होते.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात एक खूळ शिरलं. मोठं आतडं म्हणजे शरीरातलं गटार, तिथे अन्न सडतं, त्याचं विष रक्तात भिनतं आणि माणूस म्हातारा होतो. हे सांगणारा साधासुधा माणूस नव्हता. इल्या मेचनिकॉफ, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला, १९०८ चा नोबेल विजेता. त्याचा उपाय सौम्य होता: आंबवलेलं दूध प्या. आपल्याकडे ताक-दही घरोघरी होतंच, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटणार नाही. पण लंडनमध्ये विल्यम अर्बथनॉट लेन नावाचा नामांकित सर्जन होता. त्याने ठरवलं की आतडंच वाईट तर ते काढूनच टाकू. नुसत्या बद्धकोष्ठासाठी त्याने लोकांची मोठी आतडी कापून काढली. त्यातले बरेच जण दगावले.

हे मुद्दाम सांगतेय. ‘सगळे आजार पोटातून सुरू होतात’ हे वाक्य आज जे लोक नवीन शोध असल्यासारखं रीलमध्ये सांगतात, ते शंभर वर्षं जुनं आहे आणि त्या वाक्यापायी माणसं मेलेली आहेत. पुढे या कल्पनेची इतकी छी-थू झाली की आतड्यातले जंतू आणि मोठे आजार यांचा संबंध जोडणाऱ्याकडे प्रतिष्ठित डॉक्टर संशयानेच बघू लागले.

तिकडे कॅन्सरवाल्यांचीही तीच गत झाली होती. १९११ साली पेटन राऊसने कोंबड्यांमधली गाठ विषाणूसारख्या, जिवाणूहून बारीक घटकामुळे पसरते असं दाखवलं. त्याला नोबेल मिळालं १९६६ मध्ये. पंचावन्न वर्षांनी! उलट डेन्मार्कच्या योहानेस फिबिगरला १९२६ चं नोबेल पटकन मिळालं, उंदरांच्या पोटातल्या जंतामुळे कॅन्सर होतो या शोधाबद्दल. तो शोध पुढे चुकीचा ठरला. झालं. संसर्गाने कॅन्सर होतो म्हणणं म्हणजे हसं करून घेणं, असा काळ आला.

आणि नेमक्या याच काळात पहिला धागा हाताशी आला होता. १९५१ साली मॅकॉय आणि मेसन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एक छोटी नोंद छापली. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेला रुग्ण, आणि त्यालाच मोठ्या आतड्याचा कॅन्सर. दोन्हींचा संबंध असावा का, असा त्यांचा प्रश्न होता. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७७ मध्ये पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जंतू आतड्याचा कॅन्सर असलेल्यांच्या शौचात निरोगी लोकांपेक्षा जास्त वेळा सापडतो. तेव्हापासून रक्ताच्या कल्चरमध्ये हा जंतू आला की रुग्णाचं आतडंही दुर्बिणीने बघायचं, असा दंडक पडला. मला लॅबमध्ये आमच्या सरांनी तो पहिल्याच वर्षी शिकवला होता. पण का, ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं. जंतूमुळे कॅन्सर, की कॅन्सरमुळे जंतूला जागा? कोंबडी आधी की अंडं?

दुसरा धागा जेवणाच्या ताटातून आला. डेनिस बर्किट हा आयरिश सर्जन युगांडात काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की इंग्लंडमध्ये सर्रास दिसणारा मोठ्या आतड्याचा कॅन्सर तिथल्या खेड्यांत जवळपास दिसतच नाही. १९७१ मध्ये त्याने मांडलं की फरक चोथ्याचा आहे. खेड्यातला माणूस भरड, तंतुमय खातो, शहरी गोरा माणूस मैदा आणि मांस. बर्किट भाषणांत लोकांच्या विष्ठेचे फोटो दाखवायचा. लोक हसायचे, तो दाखवत राहायचा.

माणसाची जात-वंश हे कारण नव्हे, हे स्थलांतरितांनी सिद्ध केलं होतं. जपानमध्ये तेव्हा हा कॅन्सर कमी. पण हवाईला गेलेल्या जपानी कुटुंबांत एका-दोन पिढ्यांत तो अमेरिकनांच्या पातळीला पोचला. रक्त तेच, ताट बदललं.

हा विचार आपल्या परळमध्येही चालू होता बरं का. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, आणि तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर हेच विचारत होते की आपल्या लोकांच्या कॅन्सरमागे आपल्या कुठल्या सवयी आहेत. तंबाखू-पान चघळण्याने तोंडाचा कॅन्सर, धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेला घासून कातडीचा कॅन्सर, अशा गोष्टी त्यांनी मांडल्या. पुढे १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली आणि १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागातली पहिली. नोंदी होत्या म्हणून आपण आज म्हणू शकतो की आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. माझ्या मावसभावाच्या बाबतीत सगळे, मी धरून, इथेच फसलो.

कोंडी फुटली ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल जठरातला एक वळणदार जंतू उगवायच्या मागे होते. उगवतच नव्हता, कारण लॅबच्या रिवाजाप्रमाणे प्लेट दोन दिवसांनी टाकून दिली जायची. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेटी चुकून पाच दिवस इन्क्युबेटरमध्येच राहिल्या आणि जंतू उगवला! हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडतो. ‘नो ग्रोथ’ लिहून मी किती प्लेटी टाकल्या असतील. मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने हेलिकोबॅक्टर पायलोरीला जठराच्या कॅन्सरचं निश्चित कारण म्हणून यादीत घातलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे जिवाणूमुळे कॅन्सर होऊ शकतो, हे एका अवयवापुरतं तरी पक्कं झालं.

मोठ्या आतड्याचं काय? इथला कॅन्सर एका रात्रीत होत नाही. १९९० मध्ये फिअरॉन आणि व्होगेलस्टाइन यांनी त्याच्या पायऱ्या मांडल्या. अस्तरातल्या एखाद्या पेशीत आधी एक जनुक बिघडतं, बहुतेक वेळा एपीसी नावाचं. त्यातून छोटा मोड येतो, त्याला पॉलिप म्हणतात. मग दुसरं जनुक, मग तिसरं. मोडाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे पकडायला दहा वर्षांची खिडकी उघडी असते. पण पहिलं जनुक बिघडवतं कोण?

२००६ मध्ये फ्रेंच संशोधकांना, ज्यांचं काम तुलूझच्या गटाने पुढे नेलं, आपल्या त्या गुलाबी ठिपक्यांतच उत्तराचा एक तुकडा सापडला. ई. कोलायच्या काही वाणांकडे एक जादा जनुकसंच असतो. त्यातून कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार होतं आणि ते माणसाच्या पेशीतला डीएनए तोडतं. प्लेटवर हा वाण आणि गरीब बिचारा वाण दोन्ही सारखेच गुलाबी दिसतात! २०१२ मध्ये उंदरांत दिसलं की आतड्याला आधीच सूज असताना हा वाण असेल तर गाठी वाढतात. त्याच अभ्यासात कॅन्सरच्या रुग्णांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांत हा वाण होता. पण निरोगी लोकांतही पाचातल्या एकाकडे होताच. हा आकडा फॉरवर्डवाले कधीच सांगत नाहीत.

दरम्यान २०११ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये आणि कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दोन गटांना, वेगवेगळं काम करताना, एकच गोष्ट दिसली. आतड्याच्या गाठीत फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा जंतू खच्चून भरलेला. हा मूळचा तोंडातला, दातांवरच्या थरातला, हिरड्यांच्या दुखण्यातला. त्याला हवा सोसत नाही, त्यामुळे आमच्या साध्या प्लेटवर तो कधी उगवलाच नसता. गाठीतला डीएनए वाचायचं तंत्र आलं तेव्हा तो सापडला. आमच्या लॅबचं इतकी वर्षं हेच चाललं होतं: उगवेल तेवढंच दिसायचं, आणि दिसेल तेवढंच खरं मानायचं.

२०१८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सिंथिया सीअर्स यांच्या गटाने कॅन्सरच्या आधीची अवस्था तपासली. घराण्यातच पॉलिपचा आजार असलेल्या लोकांच्या आतड्यात, कॅन्सर होण्यापूर्वीच, अस्तराला चिकटलेले जंतूंचे थर होते. त्यात कोलिबॅक्टिनवालं ई. कोलाय आणि बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसचा विषारी वाण हे दोघं एकत्र नांदत होते. एक अस्तर पोखरतो, दुसरा आत जाऊन डीएनए तोडतो.

मग २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे आतड्याच्या पेशींचे बारीक गोळे प्रयोगशाळेत वाढवून त्यांना पाच महिने या वाणाच्या संगतीत ठेवलं. डीएनएवर एक ठरावीक खूण उमटली. चोराचे हाताचे ठसे मिळावेत तशी. मग हजारो खऱ्या गाठींच्या नोंदीत ठसे शोधले, आणि काही आतड्याच्या गाठींवर ते निघाले.

आता एप्रिल २०२५. सान डिएगोच्या संशोधकांनी इतरांना बरोबर घेऊन ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठी वाचल्या. चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये कोलिबॅक्टिनचे ठसे सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा ३.३ पट जास्त वेळा आढळले. आणि ठशांच्या क्रमावरून त्यांचा अंदाज असा की ते आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत उमटले असावेत. एशेरिशचा पाळणा आठवला ना?

हे महत्त्वाचं का, तर अमेरिकेत आणि इतर श्रीमंत देशांत तरुणांमधला हा कॅन्सर वाढतोय. १९९० च्या सुमारास जन्मलेल्या अमेरिकन माणसाला आतड्याच्या कॅन्सरचा धोका १९५० च्या सुमारास जन्मलेल्याच्या त्याच वयातल्या धोक्यापेक्षा दुप्पट आहे, गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट. ‘ब्लॅक पँथर’चा नट चॅडविक बोसमन २०२० मध्ये ४३ व्या वर्षी याच आजाराने गेला. २०२१ मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने नियमित तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं.

पण जपून. ठसे सापडले म्हणजे खून सिद्ध झाला नाही. लहानपणी हा वाण कुणाच्या आतड्यात का ठाण मांडतो, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. प्रतिजैविकं, सिझेरियन, पाकिटातलं खाणं, सगळ्यांवर संशय आहे, कुणावरही आरोपपत्र नाही. म्हणून माझ्या भावाला मी सांगितलं: तू लहानपणी काही चुकीचं खाल्लं नाहीस. आईनेही काही चुकीचं भरवलं नाही. दहा वर्षांच्या पोराने स्वतःचे जंतू निवडलेले नसतात.

आणि ती पावडर? एक गंमत सांगते. १९१७ मध्ये आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरने पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या शौचातून ई. कोलायचा एक वाण काढला. इतरांना जुलाब लागले, याला लागले नाहीत, म्हणून. तो वाण आजही काही देशांत ‘चांगला जंतू’ म्हणून विकला जातो, आणि काही रुग्णांना त्याचा उपयोगही होतो. पुढे कळलं की त्याच्याकडेही कोलिबॅक्टिनचा जनुकसंच आहे. त्याने माणसांत कॅन्सर झाल्याचा पुरावा नाही. पण चांगले जंतू डबीत भरून विकणाऱ्याला तरी दोघांतला फरक नक्की माहीत आहे का, हे विचारा.

मग आपल्या हातात काय? ताट आहे. २०१५ मध्ये वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि वीस दक्षिण आफ्रिकी खेडुतांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण खाल्लं. तेवढ्यात आतड्यातले जंतू बदलले, अस्तरावरच्या सुजेच्या खुणा बदलल्या. चोथ्यावर जगणारे जंतू ब्युटिरेट बनवतात, ते अस्तराला पोसतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्यं, पालेभाजी याला कुणाची पावडर लागत नाही. कॅन्सर होणारच नाही अशी हमी त्यात नाही, पण दिशा बरोबर आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्या सरकारी मोहिमेत तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते. मोठं आतडं त्यात नाही. आपल्याकडे प्रमाण कमी, दुर्बिणी कमी, म्हणून सगळ्यांची सरसकट कोलोनोस्कोपी करा असं मीही म्हणणार नाही. पण ज्याला रक्त पडतंय त्याची तरी? आपल्याकडे या रुग्णांत गुदाशयाच्या गाठींचा वाटा मोठा आहे, आणि त्यातल्या कित्येक बोटाने लागतात. त्याला लागतो एक हातमोजा आणि दोन मिनिटं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रत्येक दवाखान्यात, रक्त पडतंय म्हणणाऱ्या माणसाला मलम लिहून देण्याआधी ही तपासणी सक्तीची करा, एवढीच माझी मागणी आहे. जंतूंचं कोडं सुटायला अजून वीस वर्षं लागतील. हातमोजा आजच उपलब्ध आहे.

तुम्हीही लाजू नका. रक्त, शौचाची सवय अचानक बदलणं, कारण नसताना वजन उतरणं किंवा रक्त कमी होणं, यातलं काही असेल तर वय कितीही असो, “डॉक्टर, तपासून बघा” असं तोंडाने म्हणा.

राहिला पोरींचा प्रश्न. त्यांची वेळ वडिलांना आजार निघाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी. जनुकांची चाचणी करायची का ते त्याचे डॉक्टर ठरवताहेत. पण त्याचा धाकटा भाऊ पस्तीस वर्षांचा आहे, त्याची पाळी आजच. तो महिनाभर टाळत होता. शेवटी मीच सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. एक पॉलिप निघाला, छोटासाच. तिथल्या तिथे काढला. पॅथॉलॉजीला पाठवायची डबी सिस्टरने माझ्या हातात दिली.

मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली नाही. तशीच हातात धरून लॅबपर्यंत चालत गेले.